कॅल्साइट : एक हळवा स्फटिक

पानाच्या तबकातील चुना ज्या दगडापासून भाजून काढतात तो दगड, देवघरातील शंख, बंगाली सुवासिनीच्या मनगटावरील लाल पोला, कोंबडीच्या अंड्याचे कवच आणि आग्र्याचा ताजमहाल या पाच वस्तू एकाच कुळातल्या आहेत असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्यास ते कोडे वाटेल. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते अक्षरशः खरे आहे. कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन या तीन मूलद्रव्यांच्या संयोगाने होणारे कॅल्शियम कार्बोनेट हे त्या सर्वांचे मूळ द्रव्य होय. हे द्रव्य निसर्गात सावकाशीने, ठरावीक मांडणीने घट्ट होते, तेव्हा त्याचे जे स्फटिक तयार होतात त्यांपैकी सर्वांत विपुल आणि सर्वांत स्थिर अशा स्फटिकास कॅल्साइट म्हणतात. शंखात आणि मोत्यात तेच द्रव्य थोड्या निराळ्या मांडणीने बसलेले असते व त्या रूपाला अ‍ॅरॅगोनाइट हे नाव आहे; परंतु अंड्याचे कवच, चुनखडक, संगमरवर आणि पोवळे ही सारी कॅल्साइटचीच रूपे. कॅल्साइट हे नावही चुना या अर्थाच्या ‘कॅल्क्स’ या लॅटिन शब्दावरून आलेले आहे.

या खनिजाच्या कथेत एक विलक्षण विरोध दिसतो. माणसाने देवाची मूर्ती घडविण्यासाठी, समाधी बांधण्यासाठी, म्हणजे जे जे चिरंतन राहावे असे त्याला वाटले त्या सर्वांसाठी, या द्रव्याची निवड केली. आणि हे द्रव्य तर खनिजांमध्ये अत्यंत हळवे! चाकूच्या टोकाने त्यावर ओरखडा उठतो, लिंबाच्या थेंबाने ते फसफसते, आणि श्रद्धेने घातलेल्या दह्याच्या अभिषेकानेही ते कणाकणाने झिजते. म्हणून या दगडाची उत्पत्ती आणि त्याची निगा या दोन गोष्टी जाणून घेणे ही निव्वळ जिज्ञासेची बाब राहत नाही. ज्याला तो प्रिय आहे त्याच्याच हातून त्याचा नाश होऊ नये, यासाठी ती माहिती आवश्यक आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. मराठीत ‘स्फटिक’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यातून पुष्कळ घोटाळा होतो. शास्त्रज्ञ स्फटिक म्हणतो तेव्हा ज्याचे अणू ठरावीक नमुन्याने ओळीने रचले गेले आहेत असा कोणताही घन पदार्थ त्याला अभिप्रेत असतो; या अर्थाने मीठ, खडीसाखर आणि तुरटी हेही स्फटिकच. जपमाळेतील किंवा देवघरातील शिवलिंगाचा आणि श्रीयंत्राचा स्फटिक मात्र परंपरेने एकच खनिज होय, आणि ते म्हणजे क्वार्ट्झ, ज्याला साध्या भाषेत पारदर्शक गारगोटी म्हणता येईल. स्वच्छ कॅल्साइट आणि हा स्फटिक वरवर पाहता सारखेच दिसतात, पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा. खनिजांची कठिनता मोजण्याची एक ते दहा अशी जी मोजपट्टी आहे, तिच्यावर कॅल्साइटचा क्रमांक तिसरा आणि क्वार्ट्झचा सातवा. चाकू क्वार्ट्झवर घसरतो आणि कॅल्साइटला कापतो. कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला तर बुडबुडे उठतात. क्वार्ट्झ मात्र निर्विकार राहतो. तिसरी खूण सर्वांत सोपी आणि दगडाला मुळीच इजा न करणारी आहे. छापील पानावर स्वच्छ कॅल्साइटचा तुकडा ठेवला की त्याच्यातून प्रत्येक ओळ दुहेरी दिसते. जाड क्वार्ट्झमधूनही डोळ्याला असा भेद सहसा जाणवत नाही.

महाराष्ट्राच्या भूमीशी या खनिजाचे नाते जवळचे आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या प्रदेशात जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारसाचे लोटच्या लोट बाहेर आले आणि थरावर थर साचून आजचे काळ्या दगडाचे पठार तयार झाले. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. पुढे कितीतरी काळाने या खडकांतून ऊन पाणी झिरपू लागले. खडकातील क्षार त्याने विरघळवून घेतले आणि त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थेंबाथेंबाने पुन्हा ठेवून दिले. पांढरे व गुलाबी स्टिल्बाइट, हिरवट अ‍ॅपोफिलाइट आणि त्यांच्या सोबतीने पांढरे, निर्वर्ण किंवा मधाच्या रंगाचे कॅल्साइट असा हा ऐवज असतो. बाहेरून काळाकभिन्न दिसणारा धोंडा फोडावा आणि आत लखलखते दालन उघडावे, हा अनुभव पुणे, नाशिक, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या भागांतील खाणींवर काम करणाऱ्यांना नवा नाही. भोर घाटातील रेल्वेमार्ग १८६३ साली पुरा झाला; त्या मार्गासाठी डोंगर फोडताना असे सुंदर नमुने हाती लागले आणि तेव्हापासून दख्खनची खनिजे जगभरच्या संग्रहालयांत पोहोचली. आजही खडी फोडण्याच्या यंत्राखाली यातले पुष्कळ भुगा होऊन जाते. जे एखाद्या जाणत्या कामगाराच्या नजरेस पडते तेवढेच वाचते.

कॅल्साइट इतक्या विविध आकारांत सापडते की नवख्याला ती निरनिराळी खनिजे वाटावीत. कोठे कुत्र्याच्या सुळ्यासारखे टोकदार स्फटिक, कोठे खिळ्याच्या माथ्यासारखे चपटे, तर कोठे तिरक्या विटेसारखे. परंतु बाहेरचा आकार कोणताही असो, तो फुटला म्हणजे त्याचे तुकडे एकाच प्रकारचे होतात. रेने जुस्त हाउई नावाच्या फ्रेंच धर्मगुरूविषयी अशी कथा सांगतात की, एका स्नेह्याच्या संग्रहातील कॅल्साइटचा सुंदर स्फटिक पाहताना तो त्याच्या हातून पडला आणि फुटला. ओशाळलेल्या हाउईने तुकडे उचलून पाहिले, तो प्रत्येक तुकडा त्याच तिरक्या घनाच्या आकाराचा. त्याने घरी जाऊन आणखी स्फटिक मुद्दाम फोडले आणि प्रत्येक वेळी तोच आकार हाती आला. स्फटिक म्हणजे एकसारख्या सूक्ष्म विटांची नियमबद्ध रचना होय, हा विचार त्याने १७८४ साली ग्रंथरूपाने मांडला आणि स्फटिकशास्त्राचा पाया घातला गेला. ठरावीक पातळ्यांवर सहज दुभंगण्याच्या या गुणाला पाटन म्हणतात. कॅल्साइटमध्ये अशा तीन दिशा आहेत आणि त्यांमधील कोन सुमारे ७५ व १०५ अंशांचे असतात. शास्त्राला उपकारक ठरलेला हाच गुण संग्राहकाच्या दृष्टीने मात्र धोक्याचा. कारण हातातून निसटलेला कॅल्साइट सहसा अभंग राहत नाही.

प्रकाशाच्या शास्त्रावर या दगडाचे जे उपकार आहेत, ते तर अनन्यसाधारण होत. दख्खनप्रमाणेच आइसलंड बेटही लाव्हाच्या काळ्या दगडाचे आहे, आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हेल्गुस्ताडिर येथे अशाच पोकळीत अत्यंत निर्मळ आणि मोठे कॅल्साइट सापडत असे. ‘आइसलंड स्पार’ या नावाने ते युरोपात गेले. कोपनहेगनच्या एरास्मुस बार्तोलिन याने १६६९ साली या खड्यातून पाहिलेली दुहेरी प्रतिमा नोंदविली. खड्यात शिरलेला प्रकाशकिरण दोन वाटांनी फुटतो, एवढे त्याच्या लक्षात आले. हॉलंडच्या हायगेन्सने १६९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चमत्काराचा उलगडा प्रकाशाला लहरी मानून केला. १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस हा अभियंता लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळता सूर्य एका आइसलंड स्पारमधून पाहत होता. खडा फिरविताच दोन प्रतिमांपैकी एक मंद व दुसरी तेजस्वी होते, हे त्याने हेरले. काचेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशालाही दिशा असते, तो एका विशिष्ट पातळीतच कंप पावतो, हे ज्ञान त्या संध्याकाळच्या निरीक्षणातून जन्मले. यालाच प्रकाशाचे ध्रुवण म्हणतात. १८२८ च्या सुमारास एडिंबरोच्या विल्यम निकोलने कॅल्साइटचा खडा तिरका कापून, त्याचे दोन भाग एका पारदर्शक डिंकाने पुन्हा चिकटवून एक लोलक बनविला. दोहोंपैकी एक किरण बाजूला सारून एकाच पातळीतला प्रकाश तो पुढे सोडीत असे. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ साखरेच्या द्रावणाची तीव्रता मोजण्यापासून खडकांच्या पातळ चकत्या तपासण्यापर्यंत सर्वत्र हा निकोल लोलक वापरला गेला.

या लोलकाचा भारतीय विज्ञानाशी असलेला संबंध विसरता येण्याजोगा नाही. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब होय, असे तेव्हा मानले जाई. रामन यांच्याजवळ एक निकोल लोलक होता. त्यांनी त्यातून समुद्राकडे पाहिले आणि लोलक फिरवून पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारे आकाशाचे प्रतिबिंब दूर सारले. निळाई नाहीशी झाली नाही. उलट ती अधिकच गहिरी दिसली. तो रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा आहे, हे त्यांना उमगले. पाण्यातील आणि इतर द्रवांतील प्रकाशविकिरणाचा जो अभ्यास त्यांनी पुढे हाती घेतला, त्याचे फळ १९२८ साली ‘रामन परिणाम’ म्हणून जगापुढे आले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या थोर शोधाच्या वाटेवर आरंभी कॅल्साइटचा एक लहानसा तुकडा होता.

कॅल्साइटचे खरे भांडार मात्र लाव्हाच्या पोकळ्यांत नाही, ते चुनखडकात आहे. प्राचीन समुद्रांच्या तळाशी असंख्य जीवांची कवचे साचून हा खडक बनला. तोच पृथ्वीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने पुन्हा स्फटिकरूप पावला की त्याचा संगमरवर होतो. चुनखडक भट्टीत भाजला म्हणजे त्यातील कार्बन डायॉक्साइड वायू उडून जातो आणि कळीचा चुना राहतो. हा चुना भिजवून, घाणीत मळून भिंतीत घातला की तो हवेतील तोच वायू सावकाश परत घेतो आणि वर्षानुवर्षांनी पुन्हा दगड बनतो. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली असता ती दुधाळ होते, हा शाळेतला प्रयोग याच क्रियेची छोटी प्रतिकृती होय. सह्याद्रीच्या गडांवर चुन्याच्या घाणीची दगडी वर्तुळे आजही दिसतात. त्या घाणीतून निघालेला चुना तटबंदीच्या सांध्यांत पुन्हा कॅल्साइट होऊन बसलेला आहे.

भट्टीत जे अग्नी करतो, ते डोंगराच्या पोटात पाणी आपल्या पद्धतीने करते. पावसाचे पाणी मातीतून जाताना कार्बन डायॉक्साइड घेते आणि किंचित आम्ल बनते. हे सौम्य आम्ल चुनखडक विरघळवीत खाली उतरते आणि लक्षावधी वर्षांत डोंगर आतून पोखरला जातो. महाराष्ट्रातील लेणी माणसाच्या छिन्नीने कोरलेली आहेत. चुनखडकाच्या प्रदेशातील गुहा पाण्याने कोरलेल्या असतात. अशा गुहेच्या छतातून थेंब ठिबकतो तेव्हा त्यातील वायू मोकळा होतो आणि विरघळलेल्या चुन्याचा एक अतिसूक्ष्म कण मागे राहतो. छताकडून झुंबरासारखा एक स्तंभ खाली उतरतो आणि जमिनीवरून दुसरा स्तंभ त्याच्या भेटीस वर चढतो. ही वाढ बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणजे हातभर स्तंभाला हजारो वर्षे लागतात.

अशा ठिकाणी देव दिसावा यात नवल नाही. आंध्र प्रदेशातील अनंतगिरीच्या डोंगररांगेत, अराकू खोऱ्याच्या वाटेवर बोर्रा गुहा आहेत. एक गाय गुहेच्या छतातील भोकातून खाली पडली. तिला शोधीत गेलेल्या गुराख्याला ती सुखरूप सापडली आणि जवळच लिंगाच्या आकाराचा पाषाण दिसला, अशी तेथील आख्यायिका आहे. तो पाषाण म्हणजे थेंबाथेंबाने वाढलेला ऊर्ध्वमुखी स्तंभ होय. परिसरातील आदिवासी त्याची पूजा करतात आणि महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. तेथून निघणाऱ्या नदीचे नाव गोस्तनी असे आहे. गाईच्या आचळासारख्या लोंबत्या खडकातून ती उगम पावते, ही भावना त्या नावातच आली. उत्तराखंडात पिठोरागड जिल्ह्यातील पाताळभुवनेश्वराच्या गुहेत अरुंद वाटेने उतरलेला यात्रिक अशाच स्तंभांत शेषाची फणा, ऐरावत आणि शंकराच्या जटा पाहतो. अमरनाथचे लिंगही थेंबानेच घडते, पण ते बर्फाचे. एका हिवाळ्यात उभे राहते आणि उन्हाळ्यात वितळून जाते, पुढच्या वर्षी पुन्हा घडते. बोर्र्याचे लिंग घडण्यास किती पिढ्या लागल्या याचा हिशेब माणसाच्या आयुष्याच्या मापाने करता येत नाही. ते एकदा तुटले की पुढच्या वर्षी परत येणारे नाही.

हे स्तंभ नुसते देखणे असतात असेही नाही. त्यांच्या थरांत त्या त्या काळच्या पावसाची नोंद साठलेली असते. मेघालयातील मॉमलूह गुहेतील एका स्तंभाच्या अभ्यासावरून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पर्जन्यमानात मोठी घट झाल्याचा पुरावा मिळाला. आणि २०१८ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडास ‘मेघालयन’ असे नाव दिले. पृथ्वीच्या इतिहासाच्या एका प्रकरणास भारतातील एका राज्यावरून नाव मिळाले ते अशा ठिबकत्या पाण्यामुळे. घरी नेण्यासाठी कोणी अशा स्तंभाचे टोक मोडतो, तेव्हा तो मान्सूनच्या बखरीची काही पाने फाडीत असतो.

भारतीयांच्या धार्मिक जीवनात कॅल्साइटचा सर्वांत जुना आणि सर्वांत व्यापक प्रवेश मात्र गुहेतून झालेला नाही. तो समुद्रातून झाला. लाल पोवळे हा भूमध्य समुद्रातील एका सूक्ष्म जीवसमूहाचा सांगाडा असून तो कॅल्साइटचा असतो. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविले आहे की, रोमन स्त्रियांना हिंदुस्थानातील मोत्यांचे जितके अप्रूप, तितकेच हिंदी लोकांना पोवळ्यांचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात प्रवाळाचा एक प्रकार ‘आलकंदक’ म्हणून आला आहे आणि काही विद्वान त्याचा संबंध अलेक्झांड्रिया बंदराशी जोडतात. नवरत्नांत पोवळे मंगळाचे आणि मोती चंद्राचा. म्हणजे नवांपैकी दोन रत्ने चुन्याच्याच कुळातली. बंगालमध्ये विवाहितेच्या हातात पांढरी शंखाची बांगडी आणि लाल पोला एकत्र शोभतात; कोकण-गोव्यातील काही समाजांत मंगळसूत्रात पोवळे ओवतात. आयुर्वेदात प्रवाळपिष्टी अम्लपित्तावर दिली जाते. कॅल्शियम कार्बोनेट आम्लाचा जोर मारते हे रसायनशास्त्रही सांगते. मात्र तिची मात्रा आणि तिची शुद्धता हा जाणत्या वैद्याचा प्रांत आहे.

अलीकडच्या काही दशकांत पश्चिमेकडून एक नवा प्रघात आला आहे. पिवळे कॅल्साइट आत्मविश्वासासाठी, हिरवे हृदयासाठी, निळे मनःशांतीसाठी अशी वाटणी करून हे खडे विकले जातात आणि शरीरातील चक्रांशी त्यांची सांगड घातली जाते. खड्यातून रोग बरे करणारी शक्ती बाहेर पडते, या दाव्यास कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही. पोवळ्याने मंगळाची पीडा टळते यासही नाही. दुखण्यासाठी उपचार थांबवून खड्याकडे वळणे हे तर सरळ घातक होय. रंग हा तर या खनिजाचा मूळ गुणच नव्हे. शुद्ध कॅल्साइट निर्वर्ण असते आणि लोहासारख्या अन्य द्रव्यांच्या लेशाने त्याला रंग चढतो. बाजारातील काही खडे तर रंगविलेलेही असतात. तथापि साधनेत वस्तूचे स्थान निराळे असते. चंचल मनाला टेकावयास एखादे निश्चल, निर्मळ रूप हवे असते, आणि ते काम मूर्तीने, माळेने किंवा एखाद्या खड्यानेही होऊ शकते. तेथे फळ एकाग्रतेचे असते, ते दगडाचे नव्हे, एवढा विवेक राहिला म्हणजे पुरे.

या नव्या प्रघातातील एक उपदेश मात्र दगडाच्या मुळावर येणारा आहे. खडा ‘शुद्ध’ करण्यासाठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावा, असे सांगितले जाते. क्वार्ट्झला ते सोसते; कॅल्साइटची चकाकी त्याने मंदावते आणि मीठ बारीक भेगांत शिरून तेथे स्फटिकरूप धरते व भेगा रुंदावते. कॅल्साइटची निगा वास्तविक फार सोपी आहे. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, गरज पडल्यास स्वच्छ पाण्यात भिजविलेल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. क्वार्ट्झ किंवा अन्य कठीण खड्यांच्या शेजारी न ठेवता सुती कापडात वेगळे गुंडाळून ठेवावे. निरांजनाची ज्योत, कापूर किंवा प्रखर दिवा यांच्या अगदी जवळ ठेवू नये; कारण तापल्यावर कॅल्साइट एका दिशेने प्रसरण पावते आणि आडव्या दिशेने किंचित आकुंचन पावते, आणि या ओढाताणीत ते तडकते. तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने वा लिंबाने घासण्याची मराठी घरांत रीत आहे. तो हात संगमरवरी मूर्तीला किंवा पोवळ्याला कधीही लागू नये. पोवळ्याला घाम आणि अत्तरही मानवत नाही. दागिना अंगावरून उतरला की तो पुसून ठेवावा.

खरा कठीण प्रश्न अभिषेकाचा आहे. पंचामृतातील दही आम्ल असते. संगमरवरी मूर्तीवर ते रोज पडले तर तिच्या मुद्रेची रेघ अन् रेघ पुसट होत जाते. हातांचे सततचे घर्षण तर कोणत्याही दगडास झिजविते. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जे निर्देश दिले, त्यांत भक्तांनी लिंग चोळू नये हा एक होता. असे निर्बंध काहींना श्रद्धेवरील आघात वाटतात. पण परंपरेनेच या प्रश्नाची उत्तरे फार पूर्वी शोधून ठेवली आहेत. दक्षिणेतील मंदिरांत मूळ मूर्तीला धक्का न लावता स्नानासाठी धातूची वेगळी मूर्ती ठेवण्याची आगमोक्त पद्धत आहे. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती लाकडाची. म्हणून ज्येष्ठातील स्नानयात्रेसारखे प्रसंग वगळता तेथील नित्याचे स्नान मूर्तीला न घालता आरशातील तिच्या प्रतिबिंबाला घालतात. ज्यांनी हा विधी योजला त्यांना लाकडाचा स्वभाव ठाऊक होता आणि त्यामुळे त्यांच्या भक्तीत काही उणे आले नाही. संगमरवराच्या बाबतीतही तोच विवेक लागू करता येईल.

घरातील मूर्तीस जे दही करते, ते ताजमहालास हवेतील गंधकाची आम्ले करतात. मकराण्याचा संगमरवर हा जवळजवळ शुद्ध कॅल्साइट. गंधकाम्लाने त्याच्या पृष्ठभागाचे जिप्समात रूपांतर होते आणि तो थर पावसाने धुपतो किंवा खपली धरून गळून पडतो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आग्र्याच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळशाऐवजी नैसर्गिक वायू वापरावा किंवा स्थलांतर करावे असा आदेश दिला, तो याच कारणाने. पुरातत्त्व खाते ताजच्या भिंतींवर मुलतानी मातीचा लेप देऊन मळ ओढून घेते. घासण्यापेक्षा हा मार्ग सौम्य आहे. गुहांना तर माणसाचा श्वासही जड जातो. फ्रान्समधील लास्को येथील आदिमानवाची चित्रे असलेली गुहा १९४८ साली लोकांना खुली झाली आणि १९६३ साली बंद करावी लागली. कारण दर्शकांच्या उच्छ्वासाने आणि दिव्यांच्या प्रकाशाने भिंतींवर शेवाळ व चुन्याची पुटे चढू लागली होती. भारतातील गुहांतही दिवे, धूप आणि स्पर्श यांची मर्यादा ठरविणे म्हणूनच निकडीचे आहे. हाताच्या तळव्याचे तेल एकदा स्तंभावर बसले की पाण्याचा थेंब तेथे नीट ठरत नाही आणि त्या जागेची वाढ खुंटते.

कॅल्साइटची सारी कथा पाण्याची आणि आम्लाची आहे. ज्या सौम्य आम्लाने त्याला विरघळवून गुहा कोरली, त्याच पाण्याने थेंबाथेंबाने त्याला पुन्हा उभे केले. निसर्गाच्या हिशेबात घडणे आणि विरणे या दोन्ही क्रियांना सारखाच अवकाश आहे. माणसाच्या हाती मात्र विरणे तेवढे त्वरेने होते. या दगडाने प्रकाशाचे मर्म उलगडून दाखविले, पावसाचा इतिहास जपून ठेवला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तीला रूप दिले. त्याच्या बदल्यात त्याला फार थोडे हवे आहे. कोरडे फडके, मऊ हात आणि नमस्कार करताना राखलेले वीतभर अंतर, एवढे मिळाले तरी तो पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचेल.